डावं पाऊल

खानापुरात माझं दुकान. पाटी मीच रंगवलेली:
‘पेंटर सुबराव’. तीन लिप्यांत, कानडी सगळ्यात मोठी,
इंचात मोजून. नियम आहे, आणि पट्टी माझ्याकडे आहे.

फादर कैतान आले. मागोमाग कमिटी:
दोन बेकरीवाले, एक निवृत्त पोस्टमास्तर,
आणि काठी टेकत लुदोविना मावशी.
म्हणाले, जांबोटीच्या पुढे रानातून
घाटाखालच्या फेस्ताला जायची जुनी वाट होती,
अनवाणी माणसांची. ती उघडायची आहे.
किती जुनी?
बेकरीवाला म्हणाला, सातशे वर्षं.
पोस्टमास्तर म्हणाले, चारशे, तेही जपून.
फादर म्हणाले, सुबराव, आकडा नको रंगवू.
मावशी म्हणाली, मी आठ वर्षांची असताना होती,
तेवढं खरं.

मग दगडांवर लिहायचं काय, ह्यावर जुंपली.
मराठी लिहिलं तर एक मोर्चा, कानडी लिहिलं तर दुसरा,
रोमीत कोकणी लिहिली तर कमिटीचेच दोन तुकडे.
फॉरेस्टचा साहेब फोनवर म्हणाला,
अक्षर दिसलं की मला कागद करावा लागतो.
चहा तीनदा झाला.
शेवटी मावशीने चप्पल काढली,
पाय माझ्या पुठ्ठ्यावर ठेवला. हा काढ, म्हणाली.

डावा. करंगळी नव्हती.
ह्याच वाटेवर गेली, कुणाच्या तरी डोक्यावरून
नवसाची घंटा निसटली तेव्हा.
घंटेला काही झालं नाही.

मी पेन्सिल फिरवली. तिला गुदगुल्या झाल्या,
सत्तरीपारची बाई फादरसमोर खळखळून हसली.
ब्लेडने कापला पुठ्ठा. चुना, थोडा डिंक.
पोस्टमास्तर म्हणाले, उजवाही घ्या की.
म्हटलं, पैसे एकाच पुठ्ठ्याचे ठरलेत.

नोव्हेंबरात रानात शिरलो.
मावशी खुर्चीत, खुर्ची बेकरीच्या पोरांच्या खांद्यावर.
हळू रे, मयत नाही मी.
तिला गावांची नावं आठवत नव्हती, वळणं आठवत होती.
इथे पाणी डाव्या हाताला बोलायचं.
इथे आत्या चिडली होती.
कारवीत बुडालेल्या जांभ्याच्या पायऱ्या,
पुढे गव्याचं शेण, अजून वाफाळतं;
म्हणून तिथलं पाऊल जरा तिरकं उमटलंय.

तेविसाव्या पावलानंतर, धनगरवाड्याच्या अंगाला
खुरीस सापडला.
गुडघ्याएवढा, तेलाने काळा, शेंदराने लाल,
पुढे करवंटीत विझलेली वात.
बेकरीवाला म्हणाला, घासून साफ करू.
ठकूबाई येडगे गोठ्यातून आली, हात दुधाचे.
हा तिचा वाटेचा देव. सासूने लावून दिलेला.
चुकलेलं जनावर घरी आणतो, म्हणाली.
फादर बराच वेळ नुसते उभे.
मग खिशातून मेणबत्ती काढली
आणि काडेपेटी ठकूबाईकडे मागितली.

मी पुठ्ठा टेकवला तर ती माझ्यावरच:
ह्याला पाय कशाला काढतोस? हा कुठे जातोय?
खरंच की. तिथे नाही काढला.

कणकुंबीच्या वर पाणी दोन बाजूंना फुटतं,
घोट सांडला तर निम्मा पूर्वेला, निम्मा घाटाखाली.
माझं काम तिथे संपलं. पुढे दुसरं राज्य, दुसरा पेंटर.
मावशी खुर्चीतून उतरली,
शेवटच्या ओल्या चुन्यावर पाय ठेवून बघितला.
लहान झालाय, म्हणाली.
पाय की पुठ्ठा, विचारायचं राहिलं.

यंदा अकराजण गेले. त्यातला एक चुकला,
रात्री ठकूबाईच्या गोठ्याशी निघाला,
ताक पिऊन सकाळी परत.
बिल निम्मं यायचंय.
पुठ्ठा दुकानात खिळ्याला अडकवलाय.
गिऱ्हाईक विचारतं, चार बोटांचा हा पाय
कुठल्या कंपनीचा मार्का?